पदावर बसलेल्या साहेबांचं नाव अभ्यासिकेला द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका वस्तीत पोरापोरींसाठी सरकारी पैशातून अभ्यासिका बांधून झाली, पुढच्या महिन्यात लोकार्पण आहे, आणि वस्तीतल्या मंडळाचं म्हणणं असं की ज्या अधिकाऱ्यांनी जागेचा घोळ सोडवला, फाईल पुढे सरकवली, त्यांचंच नाव इमारतीला द्यावं. साहेब अजून त्याच खुर्चीवर आहेत. विचारणारे भाऊ लिहितात, "माणूस खरंच चांगला आहे जी, त्यांच्याच्यानं तं हे काम झालं, मंग हरकत काहून घ्यायची?"

हरकत घ्यायची. आणि साहेब चांगले आहेत म्हणून तर जास्तच घ्यायची.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. विदर्भातल्या एका नागरी संस्थेच्या सचिव शाखेत मी ३३ वर्षं काढली, त्यातली बरीचशी विषयपत्रिका आणि इतिवृत्त सांभाळण्यात गेली, आणि नामकरणाची झाडून सगळी प्रकरणं माझ्याच टेबलावरून जायची. चौक, रस्ते, बगिचे, सभागृहं, शाळा, दवाखाने. बाहेरून लोकांना वाटतं की नाव देणं म्हणजे मोठी चर्चा होत असेल. तसं फार कमी वेळा होतं. एका सदस्याचं पत्र येतं, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या होतात, विभाग दोन ओळींचा अभिप्राय देतो की हरकत नाही, आणि सभेच्या शेवटी जेव्हा अर्धं सभागृह जेवायला उठलेलं असतं तेव्हा ऐनवेळचा विषय म्हणून ते वाचलं जातं आणि मंजूर मंजूर म्हणत दोन मिनिटात संपतं. रस्त्याच्या खड्ड्यावर दोन तास भांडणारी माणसं नावाच्या विषयावर गप्प बसतात कारण कोणाच्या नावाला विरोध करणं म्हणजे त्या माणसाशी वैर घेणं. मेलेल्या माणसाच्या नावाला विरोध केला तर त्याचे नातेवाईक रागावतील, समाज रागावेल. पण पदावरच्या माणसाच्या नावाला विरोध केला तर तुमच्या वार्डाची फाईल अडेल, बदली होईल, बिल थांबेल. म्हणून तिथे जे "सर्वानुमते मंजूर" लिहिलं जातं, ते मीच कितीदा लिहिलंय, त्या शब्दांवर मी फार भरवसा ठेवत नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, गावाचं आणि माणसाचं नाव घेत नाही. साधारण वीसेक वर्षं झाली असतील. एका वाचनालयाला तेव्हा पदावर असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं नाव दिलं गेलं. काम त्यांनी खरंच केलं होतं, वाद नाही. पहिल्याच पावसात छत गळायला लागलं. नवीन इमारतीत होतं तसं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नीट झालं नव्हतं, ठेकेदाराला बोलावून दुरुस्त करून घ्यायची साधी गोष्ट. पण शाखा अभियंता टिपणी घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, हे कसं लिहू सांगा, साहेबांचं नाव आणि गळती एका वाक्यात कशी टाकू? मला तेव्हा त्याचं काही चुकलं असं वाटलं नाही, मीही विचार केला आणि दोघांनी मिळून लिहिलं, "प्रभागातील वाचनालयाची किरकोळ दुरुस्ती." किरकोळ लिहिलं म्हणून पैसे किरकोळच मिळाले. ठेकेदाराला नोटीस निघाली नाही, कारण नोटीसमध्ये दोष कुठल्या इमारतीत आहे ते नावानिशी लिहावं लागलं असतं. दोन पावसाळे असेच गेले. ग्रंथपाल बाई पुस्तकांचे गठ्ठे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायच्या, स्टुलावर ठेवायच्या, वर प्लास्टिक टाकायच्या, तरी मराठी विश्वकोशाच्या खंडांना बुरशी लागलीच.

मग साहेबांची बदली झाली. नवे आले त्यांचं आधीच्यांशी काही जमत नव्हतं, आणि ज्या वाचनालयाबद्दल दोन वर्षं साहेबांच्या नावामुळे कोणी वाईट बोलू शकत नव्हतं त्याच वाचनालयाकडे आता त्याच नावामुळे कोणी बघेना, "ते त्यांचं लाडकं काम" म्हणून फाईल खालीच राहायची. पुढे जुन्या साहेबांवर भलत्याच एका प्रकरणात चौकशी लागली. चौकशीत शेवटी काहीच निघालं नाही, निर्दोष सुटले, पण त्याला काही वर्षं लागली, आणि मधल्या काळात कोणीतरी तोंडी सांगून फलकावर पांढरा रंग मारून टाकला. ठराव नाही, कागद नाही. रंगाखालून अक्षरं दिसत राहायची. रोज तिथे अभ्यासाला येणारी पोरं बघायची आणि आपसात काय काय बोलायची ते मी ऐकलंय. रिटायर झाल्यावर ते साहेब मला एका लग्नात भेटले, स्वतःहूनच विषय काढला आणि म्हणाले, "मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं, तुम्ही कोणी सांगितलं का नाही?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सांगणं माझंच काम होतं, नियम मला माहीत होता.

तो नियम हा. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांखाली १९६४ सालचा एक आदेश आहे, गृह मंत्रालयाचा. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांनी इमारतींची कोनशिला बसवणं, उद्घाटनं करणं, आणि रस्ते, पूल, इमारती, उद्यानं, दवाखाने, शाळा-कॉलेजांना स्वतःचं नाव देऊ देणं, हे नुसतं अयोग्य नाही तर लोकसेवकाच्या भूमिकेच्याच विरुद्ध आहे अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलंय. तो आदेश केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठीचा, हे मान्य. पण आपल्या राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम बघा, तिथेही कर्मचाऱ्याला शासनाच्या परवानगीशिवाय मानपत्र घेता येत नाही, स्वतःच्या सन्मानाची सभा करून घेता येत नाही. जिथे साधं मानपत्र चालत नाही तिथे अख्खी इमारत कशी चालेल? पद्म पुरस्कारांचंच बघा ना, डॉक्टर आणि वैज्ञानिक सोडले तर सेवेतला सरकारी कर्मचारी पद्म पुरस्काराला पात्रच धरत नाहीत. कारण सरळ आहे, ज्याच्या हातात आज लोकांची कामं आहेत त्याचा सन्मान मनापासून आहे की गरजेपोटी आहे हे ओळखायचं कसं?

निवडून आलेल्यांना मात्र असा सरसकट नियम नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. खासदार निधीच्या नियमांत तेवढं बरं आहे, त्या पैशातून झालेल्या मालमत्तेला कोणत्याही व्यक्तीचं नाव देता येत नाही, जिवंत असो की नसो, काम कोणत्या निधीतून झालं, किती खर्च आला, याचा फलक लावायचा. बाकी निधींना अशी लगाम कमी. सुप्रीम कोर्टानं २०१५ साली सरकारी जाहिरातींत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे असावेत असं सांगितलं होतं, पुढच्याच वर्षी राज्यांच्या आग्रहावरून मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांनाही मोकळीक मिळाली. जाहिरात एक दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी त्या पेपरात पोहे बांधून मिळतात. इमारत पन्नास वर्षं उभी राहते, आणि तिच्यावरच्या नावाबद्दल आपण एका दिवसाच्या जाहिरातीइतकाही विचार करत नाही याचं मला वाईट वाटतं.

अजून एक गोष्ट नागपूरकरांनी तरी लक्षात ठेवायला पाहिजे. महापालिका कायद्यात नाव द्यायचं असेल तर प्रशासनानं सुचवायचं आणि महासभेनं मंजूर करायचं अशी दोन हातांची व्यवस्था आहे. पण २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक होते, म्हणजे आयुक्त आणि महासभा एकच व्यक्ती. मी कोणावर आरोप करत नाहीये. व्यवस्था कशी असते ते सांगतोय. अशा काळात अधिकाऱ्याच्या नावाचा प्रस्ताव आला तर सुचवणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा सगळे एकाच केबिनमध्ये, किंवा त्या केबिनच्या हाताखाली. एरवी नाव देण्यात जो थोडाफार विरोधाचा खरखरीतपणा असतो तोही उरत नाही.

आता नावं टिकतात कशी ते बघा, आपल्याच शहरात. मॉरिस कॉलेज १८८५ चं. नाव मध्य प्रांताचे चीफ कमिशनर जॉन मॉरिस यांचं, आणि तेव्हा ते जिवंत होते, त्यानंतर कितीतरी वर्षं जगले. पण १८८३ मध्येच ते पद सोडून गेले होते, कॉलेज सुरू झालं तेव्हा नागपुरातल्या कोणाचंही काम त्यांच्या सहीवर अडलेलं नव्हतं. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, तर स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्येच टाकळघाटाकडून येताना पुरात बुडून वारले होते. वीस वर्षांनी लोकांना त्यांचं नाव द्यावंसं वाटलं, याच्याहून मोठं सर्टिफिकेट काय असेल? मॉरिस कॉलेजला आज अधिकृतपणे वसंतराव नाईकांचं नाव आहे, मेयो हॉस्पिटलला इंदिरा गांधींचं, पण ऑटोवाल्याला "मेयो" म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. शुक्रवारी तलावाचं गांधीसागर झालं तरी जुनी माणसं शुक्रवारीच म्हणतात. फलक लावायचा अधिकार सभागृहाला आहे, लोकांच्या तोंडात नाव बसवायचा नाही. रेशीमबागेतलं सभागृह घ्या. सुरेश भट २००३ मध्ये गेले आणि त्यांच्या नावाचं सभागृह २०१७ मध्ये उघडलं. मधल्या चौदा वर्षांत त्यांच्या गझला लोकांनी म्हणणं काही थांबवलं नाही, आणि तिथे कार्यक्रमाला जाताना कोणाला असं वाटत नाही की हे नाव कोणाला तरी खूश करायला दिलंय.

वानखेडे स्टेडियमचं काय, असं कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच पाहिजे, कारण तो माणूस आपल्याच जिल्ह्याच्या राजकारणातला. शेषराव वानखेडे कळमेश्वरचे आमदार, विधानसभेचे अध्यक्ष, आणि मुंबई क्रिकेट संघटनेचेही अध्यक्ष. तिकिटांच्या वाट्यावरून ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्यांशी वाजलं आणि त्यांनी नवीन स्टेडियमच उभं करून घेतलं, १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली, आणि नाव त्यांचंच, ते हयात असताना, पदावर असताना. ते नाव टिकलं हे खरं आहे. पण ते क्रिकेट संघटनेचं स्टेडियम, तिच्या सभासदांनी आपल्या अध्यक्षाचं नाव दिलं. मला तेही फारसं पटत नाही. तरी वस्तीतल्या सरकारी अभ्यासिकेची आणि त्याची बरोबरी होत नाही. अभ्यासिकेत येणारी पोरगी कोणत्या संघटनेची सभासद नाही, तिला मत विचारलेलं नाही, आणि तिच्या बापाचा घरटॅक्सचा वाद कदाचित त्याच साहेबांपुढे चालू असेल.

जगातही हा धडा लोकांनी ठेच लागूनच शिकलाय. अमेरिकेत नोटा छापणाऱ्या खात्याचा प्रमुख होता स्पेन्सर क्लार्क, त्यानं पाच सेंटच्या नोटेवर स्वतःचाच चेहरा छापून टाकला, तेव्हा १८६६ मध्ये तिथल्या काँग्रेसनं कायदाच केला की चलनावर जिवंत माणसाचं चित्र नको. फिलिपिन्समध्ये १९५४ पासून रस्ते, सरकारी इमारती, गावं यांना हयात माणसाचं नाव देण्यावर कायद्यानं बंदी आहे. आणि सोव्हिएत रशियात, जिथे हयात पुढाऱ्यांच्या नावानं अख्खी शहरं होती, तिथेही १९५७ मध्ये हुकूम निघाला की यापुढे नाव मरणोत्तरच. पेर्म नावाचं शहर १९४० मध्ये मोलोतोव्ह या पुढाऱ्याच्या नावानं मोलोतोव्ह झालं होतं, मोलोतोव्ह पदावरून उतरले तसं १९५७ मध्ये पुन्हा पेर्म झालं. सतरा वर्षांत जन्मलेल्या लेकरांच्या दाखल्यावर एक गाव आणि घराच्या पत्त्यावर दुसरं.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं की मग काय माणूस मेल्यावरच त्याचं कौतुक करायचं? त्याच्या कानावर चार चांगले शब्द जायला नकोत? हा प्रश्न मला मनापासून पटतो, तो झटकून टाकायचा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले तेव्हा १९५८ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, ते हयात असताना, आणि स्वतंत्र भारतात हयात माणसावर निघालेलं ते पहिलं तिकीट. कोणालाच वावगं वाटलं नाही. कारण तेव्हा कर्व्यांच्या हातात कोणाला द्यायला काही नव्हतं, ना ठेका, ना बदली, ना परवानगी. शंभर वर्षांचं आयुष्य लोकांसमोर उघडं होतं. म्हणून माझा आग्रह मरणाचा नाहीच, पद सुटण्याचा आहे. माणूस खुर्चीवरून उतरू द्या, त्यानंतर काही वर्षं जाऊ द्या, मी म्हणेन दहा, त्याच्या काळातली कामं उन्हापावसात उभी राहू द्या, ऑडिट होऊ द्या. तरी वस्तीला वाटलं की याचंच नाव पाहिजे, तर तो हयात असला तरी द्या. मी स्वतः येऊन टाळ्या वाजवीन.

बाबासाहेबांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये संविधान सभेत शेवटच्या मोठ्या भाषणात सांगितलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दीक्षाभूमीच्या शहरात राहून आपण हे दरवर्षी ऐकतो. भक्तीची सुरुवात मोठ्या पुतळ्यांपासून होत नाही हो, ती अशाच एखाद्या वस्तीतल्या, चांगल्या हेतूनं केलेल्या ठरावापासून होते, जिथे कोणाला नाही म्हणायला लाज वाटते.

आता तुम्ही काय करायचं. सभेत उभं राहून विरोध करू नका, पत्रकं काढू नका, त्यानं एका चांगल्या माणसाची विनाकारण बदनामी होईल. तुमच्यातल्या दोघातिघांनी, त्यात एक तरी अभ्यासिकेत बसणारी पोरगी असू द्या, साहेबांची वेळ घ्या आणि त्यांनाच सांगा की आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे पण हे नाव आता नको. १९६४ च्या त्या आदेशाची प्रत सोबत न्या. माझ्या अनुभवात जे अधिकारी खरंच चांगले असतात त्यांना हे सांगितलेलं आवडतं, त्यांची सुटका होते, कारण त्यांनाही स्वतःहून नाही म्हणणं अवघड जात असतं, लोकांचं प्रेम झिडकारल्यासारखं वाटतं. माझ्याच टेबलावर एकदा असा प्रस्ताव आला होता, तो घेऊन मी संबंधित साहेबांकडे गेलो, वर सांगितलेल्या वाचनालयानंतरची गोष्ट आहे त्यामुळे या वेळी मी गप्प बसलो नाही. त्यांनी अर्धं मिनिट वाचलं, हिरव्या शाईनं स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "नियमात बसत नाही. विषय दप्तरदाखल करावा." मला चहा पाजला. त्यांनी नंतर त्या इमारतीच्या कामात तीनदा स्वतः जाऊन ठेकेदाराकडून फरशी उखडवून पुन्हा बसवून घेतली, बिनधास्त, कारण त्या इमारतीला नावं ठेवायला त्यांना कसलाच संकोच नव्हता.

साहेबांशी बोलूनही प्रस्ताव पुढे गेलाच, तर लेखी हरकत द्या, आवक क्रमांक घ्या, आणि माहितीच्या अधिकारात ठरावाची प्रत, सूचक-अनुमोदकांची नावं आणि विभागाचा अभिप्राय मागवा. अभिप्रायात वर्तणूक नियमांचा उल्लेख केला होता की नाही हे बघा, बहुतेक ठिकाणी केलेलाच नसतो. लोकार्पणाच्या आधी हे झालं पाहिजे. एकदा पितळी अक्षरं बसली की ती काढणं म्हणजे अपमान होतो, आणि तो अपमान त्या माणसाच्या वाट्याला येतो ज्यानं तुमचं काम केलं.

नाव काय द्यायचं? वस्तीचंच द्या. मानेवाड्यातली अभ्यासिका, एवढं पुरे आहे, पोरं तसंही तेच म्हणणार. आणि साहेबांचं ऋण मानायचंच असेल, मानलंच पाहिजे, तर आत दाराजवळ एक साधा फलक लावा. त्यावर कोणत्या साली जागा मिळाली, किती खर्च आला, पैसा कोणत्या निधीतला, जागेचा वाद कोणी आणि कसा सोडवला, शाखा अभियंता कोण, मिस्त्री कोण, सह्यांची मोहीम वस्तीतल्या कोणी चालवली, सगळ्यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरात लिहा, साहेबांचं पण त्यातच, पदासकट. आणि खाली छत गळलं, पंखा बंद पडला तर तक्रार कुठे करायची तो नंबर. फलक दगडाचा करू नका, पत्र्याचा करा, नंबर बदलला की बदलता येतो.